लाइव्ह पोकर: हात (डाव) चालू असताना किती बोलावं, आणि पत्ते लपवायचे तरी कसे?

रिव्हरवाला_पुणे

मंडळी, मी पोकर खेळायला शिकलो तोच ऑनलाइन. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद झाले, आणि माझ्यासारख्यांना टेबल गाठायचं तर पणजीचा रस्ता उरला. आता सुट्टी जुळली की मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर जातो.

गणिताची मला भीती नाही. पॉट म्हणजे मध्ये जमलेली रक्कम किती, कॉलला म्हणजे समोरच्याशी बरोबरी करायला किती लागतात, आपल्या कामाचे पत्ते किती उरलेत, हे डोक्यात चालूच असतं. पण ऑनलाइनला समोर नुसतं नाव आणि घड्याळ असायचं. इथे आठ जण माझ्याकडे बघत असतात. एक्क्यांची जोडी घेऊन रेझ केलं, म्हणजे रक्कम वाढवली, की सगळे पत्ते टाकतात आणि टेबल रिकामं होतं, आणि हातात काही नसताना ब्लफ मारला की कोणीतरी अगदी निवांत कॉल करतं. काहीतरी दिसतंय त्यांना. ते काय, हे मला कोणी सांगेल का?

दुसरा प्रश्न. गेल्या खेपेला मी आणि माझा मित्र एकाच टेबलावर होतो. त्याने फ्लॉपच्या, म्हणजे सगळ्यांसाठी टेबलावर उघडतात त्या पहिल्या तीन पत्त्यांच्या, आधीच हातातले पत्ते टाकले. फ्लॉप आला राजा, सत्ती, सत्ती. तर हा कपाळावर हात मारून "अरे यार!" म्हणाला. मी सहज मराठीत विचारलं, "होती का रे सत्ती?" माझ्यासकट तिघं अजून हातात होतो. त्यातल्या एका गृहस्थांनी लगेच हरकत घेतली, डीलरने फ्लोअरला, म्हणजे टेबलांवर देखरेख ठेवणाऱ्या माणसाला, बोलावलं आणि आम्हा दोघांना ताकीद मिळाली. पुन्हा असं झालं तर एक राउंड बाहेर बसवू, असंही सांगितलं. टाकून दिलेल्या पत्त्याबद्दल बोललो तर कोणाचं काय बिघडतं? व्हिडिओंमध्ये मोठमोठे खेळाडू सतत बोलत असतात. मग बोलणं हा खेळाचा भाग आहे की नाही?

चिंचवडचा_राजा

गॉगल, टोपी, कानात हेडफोन. तोंड बंद. कोणी काही विचारलं तरी मान हलवायची नाही. मी असाच बसतो आणि मला कोणी वाचू शकत नाही. बोलणाऱ्यांच्या नादी लागू नका, ते पैसे काढायलाच बोलतात.

बॉक्समधून

पुणेकर, ताकीद योग्यच होती. मी मूळची सावंतवाडीची. पणजीत बरीच वर्षं पोकरच्या टेबलावर डीलर होते, आता ते काम सोडलंय. तुमचे दोन्ही प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचे आहेत, त्यामुळे थोडं लांबेल.

आधी सत्तीचं बघू. पत्त्यांत सत्त्या चार. दोन फ्लॉपवर पडल्या, राहिल्या दोन. तुमच्या मित्राने कपाळावर हात मारला आणि अख्ख्या टेबलाला कळलं की त्यातली एक मकमध्ये, म्हणजे टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात, गेली. उरली एक. म्हणजे समोरच्याकडे सत्ती असण्याची शक्यता एका क्षणात जवळजवळ निम्म्यावर आली. त्या तिघांपैकी कोणी सत्ती असल्याचा आव आणून मोठी रक्कम लावायच्या बेतात असेल, तर त्याचा ब्लफ तिथेच मेला. ज्याच्या हातात राजा होता, त्याला फुकटात धीर मिळाला. मित्राचा त्या पॉटशी काही संबंध राहिला नव्हता, तरी पॉट कोणीकडे जाणार यात त्याने हात घातला. म्हणूनच नियम आहे की पत्ते हातातले असोत की टाकलेले, हात संपेपर्यंत ते काय आहेत याबद्दल बोलायचं नाही. खरंही नाही आणि खोटंही नाही. टीडीए म्हणून टूर्नामेंट डायरेक्टर लोकांची संघटना आहे, मॅट सॅव्हेज वगैरे मंडळींनी 2001 साली सुरू केलेली. तिच्या नियमांत हे स्पष्ट लिहिलंय की स्पर्धेतल्या बाकी सगळ्या खेळाडूंचं संरक्षण करणं हे प्रत्येक खेळाडूचं कर्तव्य आहे. मला हा नियम फार आवडतो. टेबलावर प्रत्येक जण दुसऱ्याचे पैसे जिंकायला बसलेला असतो, तरीही त्या दुसऱ्यावर अन्याय होऊ न देण्याची जबाबदारी त्याच्यावरही असते.

मराठीत विचारलंत, त्याने प्रकरण आणखी चिघळलं. मला मराठी, कोंकणी, हिंदी सगळं कळायचं. पण त्याच टेबलावर बसलेल्या चेन्नईच्या माणसाला "होती का रे सत्ती" हे काय समजणार? त्याला दिसतं ते इतकंच, की दोन ओळखीची माणसं हात चालू असताना आपसात काहीतरी ठरवतायत. त्याला शंका आली तर ती रास्तच. हात चालू असताना सगळ्यांना कळेल अशाच भाषेत बोलावं. हात संपला की हवं तितकं मराठीत बोला.

आता तुम्हाला वाचतात कसे, ते. डीलरची खुर्ची म्हणजे बॉक्स. तिथून सगळे चेहरे दिसतात, पण खरं सांगते, चेहऱ्यावरून मला फार कमी कळायचं. कळायचं हातांवरून आणि नजरेवरून. नवा माणूस पत्ते उचलतो, चांगले असले की त्याची नजर लगेच स्वतःच्या चिप्सवर जाते, अर्धा सेकंद, आणि मग तो मुद्दाम दुसरीकडे बघायला लागतो. टाकायचे असले की पत्ते हातातच अधांतरी धरून ठेवतो, अंगठा खाली, फेकायच्या तयारीत. त्याच्या उजवीकडच्या माणसाची पाळी अजून यायची असते, आणि त्याला आधीच समजतं की मागून धोका नाही. तो मग बिनधास्त रेझ करतो.

सगळ्यात बोलकं काय असतं सांगू? फ्लॉपवर तिन्ही पत्ते इस्पिकचे पडले, आणि कोणी आपले पत्ते पुन्हा कोपरा उचलून बघितले, तर बहुतेक वेळा त्याचा फ्लश (एकाच जातीचे पाच पत्ते) झालेला नसतो. दोन्ही पत्ते इस्पिकचे असतील तर ते माणसाच्या लक्षात राहतात. एक काळा एक लाल असेल, तर काळा तो इस्पिक की किलवर, हे पुन्हा बघावं लागतं. मी कितीतरी जणांना असं बघताना पाहिलंय, आणि समोरच्या जुन्या खेळाडूने ते टिपलेलंही पाहिलंय. तुमच्याकडून हे होत असेल तर आजच बंद करा.

हात थरथरण्याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. पैसे पुढे सरकवताना एकदम हात कापायला लागला, तर तो घाबरलाय असं समजून लोक कॉल करतात आणि मरतात. ब्लफ मारणारा स्वतःला आवळून धरतो, श्वाससुद्धा जपून घेतो. थरथर बऱ्याचदा मोठा हात लागल्यावर सुटते. आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धेच्या चित्रफिती त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. ज्यांना फक्त चेहरा दिसत होता, त्यांचे अंदाज चुकत गेले. ज्यांना फक्त चिप्स सरकवणारे हात दिसत होते, त्यांना पत्ते किती चांगले आहेत ते नुसत्या अंदाजापेक्षा बरं ओळखता आलं. बॉक्समध्ये बसून मला जे दिसायचं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

चिंचवडच्या दादांचा गॉगल म्हणूनच अर्धंच काम करतो. डोळे झाकतात, हात उघडेच राहतात.

मग करायचं काय? सगळ्या हातांत एकच गोष्ट एकसारखी करा. पत्ते तुमची पाळी आल्यावरच बघा, तोवर ते टेबलावर पालथे राहू द्या. जे तुम्हालाच माहीत नाही ते चेहऱ्यावर येणार कुठून? त्या वेळात बाकीचे आपापले पत्ते बघताना काय करतात ते बघा. पाळी आली की दोन्ही तळव्यांचा आडोसा करून पत्त्यांचा फक्त कोपरा वर करा, टेबलापासून उचलू नका. छातीशी धरून बघणाऱ्यांचे पत्ते शेजाऱ्याला आरामात दिसतात. एकदा बघितलेत की लक्षात ठेवा आणि वर एक चिप ठेवून द्या. ही चिप शोभेची नाही. डीलरच्या अगदी शेजारी बसला असाल आणि पत्त्यांवर काही ठेवलेलं नसेल, तर गडबडीत डीलर ते मकमध्ये ओढू शकतो, आणि तसं झालं तर सहसा दाद मिळत नाही. आपले पत्ते सांभाळणं ही आपली जबाबदारी.

नंतर मनात चार-पाच आकडे मोजा आणि मग फोल्ड (पत्ते टाकणं), कॉल किंवा रेझ जे काय असेल ते करा. एक्के असोत की दुर्री-सत्ती, तेवढाच वेळ, चिप्स त्याच हाताने, त्याच जागी. तुमचं टेबल रिकामं होण्याचं कारण मला वाटतं इथेच सापडेल. ऑनलाइनहून आलेली मुलं साधे हात फटाफट टाकतात, आणि एक्के आले की एकदम शांत होऊन रकमेचा विचार करत बसतात.

लपवायलाही मर्यादा आहे हे ध्यानात असू द्या. पत्ते लपवायचे, चिप्स नाही. मोठ्या किमतीच्या चिप्स लहान चिप्सच्या मागे दडवून चालत नाही, त्या समोर दिसतील अशाच ठेवायच्या. समोरच्याने तुमच्यापुढे किती आहेत विचारलं तर ते त्याला कळलं पाहिजे.

एकदम मुकं बसायचं ठरवलंत तरी एक अडचण आहे. काहीही न बोलता एकच मोठी चिप पुढे टाकलीत, तर तो कॉल धरला जातो, तुमच्या मनात रेझ असला तरी. रेझ करायचा असेल तर तोंडाने "रेझ" म्हणा किंवा पूर्ण रक्कम एकाच हालचालीत पुढे ठेवा. आणि पाळी आल्यावर तोंडून गेलेला शब्द बांधील असतो. गमतीत "ऑल-इन" म्हणालात तर सगळ्या चिप्स गेल्या असंच समजा.

बोलणं खेळाचा भाग आहे का? आहे, आणि मला ते नसतं तर चैन पडलं नसतं. हवापाण्याच्या गप्पा मारा, समोरच्याला कुठून आलात विचारा, तो मागच्या राउंडला काय खेळला ते विचारा. फक्त जे बोलता ते सगळ्या हातांत सारखं बोला. तासभर क्रिकेटवर बोलणारा माणूस पत्ते बघून वाक्य अर्ध्यात सोडतो, तेव्हा त्याच्याकडे काय आलंय ते सगळ्यांना समजतं. ज्याला हे जमत नाही, त्याने हात चालू असताना गप्प बसलेलं बरं.

नागपूरची_संत्री

डीलरताई, पाळी येईपर्यंत पत्ते बघायचे नाहीत हे वाचून आमची दिवाळीची तीन पत्ती आठवली. आमच्याकडे आत्या नेहमी ब्लाइंड खेळायची. ब्लाइंडला निम्मीच रक्कम लागते म्हणून नाही, तर तिचं म्हणणं असायचं की बघितलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. पोकरमध्ये ब्लाइंडची सवलत नाही, पण पाळीपर्यंत तरी तो फायदा घेता येतो हे डोक्यात आलं नव्हतं.

ब्रिजवाले_काका

मी आयुष्यभर ब्रिज खेळलो, पोकर फक्त पाहिलेलं आहे. तरी या धाग्यावर लिहावंसं वाटलं, कारण आमच्याकडे याच गोष्टीवरून भांडणं झाली आहेत.

ब्रिजमध्ये बोली सोडून एक अक्षर बोलायचं नाही. स्पर्धेत तर बोलीही तोंडाने नसते, पेटीतली कार्डं काढून समोर ठेवायची. कारण समोर जोडीदार बसलेला असतो. तुम्ही जरा जास्त वेळ विचार केला आणि मग पास दिला, तर जोडीदाराला कळतं की तुमच्याकडे काहीतरी आहे, आणि त्या माहितीचा उपयोग करायला त्याला मनाई आहे. 1975 साली बर्म्युडा बोल या ब्रिजच्या जागतिक स्पर्धेत टेबलावर तिरका पडदा लावायला सुरुवात झाली, जोडीदाराचं तोंड दिसू नये म्हणून. तरी त्याच स्पर्धेत इटलीच्या एका जोडीवर टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचा ठपका आला. मग टेबलाखालीही आडोसा करावा लागला.

आणि प्रतिस्पर्ध्याला फसवण्यासाठी मुद्दाम वेळ काढणं, उगाच घुटमळणं, हेही ब्रिजच्या कायद्याच्या 73व्या कलमाने निषिद्ध आहे. हातात एकच पत्ता असताना विचार करण्याचं नाटक करणाऱ्याला आम्ही टेबलावर उभं करत नाही. पोकरमध्ये तेच नाटक चालतं, असं मी समजतो. डीलरताई, बरोबर ना?

बॉक्समधून

काका, बरोबर. पोकरमध्ये तुमच्याच पाळीवर घुटमळणं, उसासे टाकणं चालतं, कारण तिथे जोडीदारच नसतो. प्रत्येक जण एकटा. तुमच्या नाटकाने फसला तर समोरचा फसतो, आणि तो ते जाणूनच बसलेला असतो. पुणेकरांच्या मित्राने जे केलं ते मात्र दोन्ही खेळांत सारखंच बसत नाही, कारण तिथे नकळत का होईना, एका हाताला दुसऱ्याची मदत झाली. फक्त दर हाताला मुद्दाम दोन-दोन मिनिटं खाणाऱ्याचा मला राग यायचा. त्यावर कोणीही घड्याळ लावायला सांगू शकतं, आणि सांगावं.

रिव्हरवाला_पुणे

ताई, मनापासून आभार. सत्तीचा हिशोब माझ्या डोक्यात या बाजूने आलाच नव्हता. मित्रालाही हा धागा पाठवतोय. इस्पिकवाली गोष्ट वाचून तर पुढच्या खेपेला आधी स्वतःकडेच लक्ष द्यावं लागणार.

एक राहिलं. समोरचा मला थेट विचारतो, "फ्लश हुकला ना?" आणि खरंच हुकलेला असतो. तेव्हा काय करावं? आणि 2006 ची वर्ल्ड सिरीज जिंकलेला जेमी गोल्ड तिथे सरळ आपले पत्ते सांगत होता असं वाचलंय. ते कसं चाललं?

बॉक्समधून

तुम्ही विचारलंत तीच वेळ 2003 च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटी ख्रिस मनीमेकरवर आली होती. दोघंच उरले होते, समोर सॅमी फर्हा. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामाची सत्ती. टर्नपर्यंत, म्हणजे चौथा पत्ता उघडेपर्यंत, टेबलावर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, इस्पिकची अठ्ठी. म्हणजे फ्लशही लागू शकत होता आणि सीक्वेन्सही. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, बदामाची तिर्री आली, दोन्ही हुकलं. मनीमेकरने सगळं पुढे ढकललं. फर्हाकडे नव्व्यांची जोडी होती, म्हणजे तोच पुढे होता. आणि त्याने नेमकं तेच विचारलं, फ्लश हुकला वाटतं? नेम अचूक होता. मनीमेकर तोंडावर हात धरून तसाच बसून राहिला, एक शब्द नाही. फर्हाने पत्ते टाकले. 839 खेळाडूंची ती स्पर्धा आणि 25 लाख डॉलर मनीमेकरने जिंकले.

प्रश्न विचारणाऱ्याला बऱ्याचदा उत्तर नको असतं. उत्तर देताना तुमचा आवाज, गिळलेला आवंढा, हसू, हे त्याला हवं असतं. म्हणून गप्प बसा, पण सगळे हात असेच गप्प बसा. एक्के असताना हसून उत्तर देणारा आणि ब्लफला गप्प बसणारा, दोन-तीन हातांत उघडा पडतो.

जेमी गोल्ड वेगळ्या पंथाचा. त्या वर्षी 8,773 खेळाडू आले होते, त्याने 1 कोटी 20 लाख डॉलर नेले. तो बोलून बोलून समोरच्याला दमवायचा, आणि मध्येच हातातलं खरं सांगून टाकायचा. खरं बोलतोय यावर लोकांचा विश्वास बसायचा नाही. आज तसं बोललात तर बऱ्याच टेबलांवर पेनल्टी बसेल. त्याच्यासारखं करायला जाऊ नका, त्याच्याइतक्या चिप्स पुढ्यात असताना काहीही बोललेलं खपतं.

2016 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये विल कॅसूफने बोलण्याचं टोक गाठलं. हातात नव्वी हाच सगळ्यात मोठा पत्ता, आणि नुसतं बोलत राहून समोरच्या बाईंना राण्यांची जोडी टाकायला लावली. तिथपर्यंत मी त्याचं कौतुक करेन. पण नंतर तो दर हाताला तेच करत गेला, ताकीद झाली, पेनल्टी झाली, टेबल वैतागलं. शेवटी राजांची जोडी घेऊन ग्रिफिन बेंजरच्या एक्क्यांवर आदळला आणि 17व्या क्रमांकावर बाहेर पडला.

मला विचाराल तर बोलण्याचा सगळ्यात सुंदर नमुना 1998 च्या वर्ल्ड सिरीजचा, स्कॉटी विनचा. केव्हिन मॅकब्राइड आणि तो, दोघंच. टेबलावर तीन अठ्ठ्या आणि दोन नव्व्या, म्हणजे फुल हाउस उघड्यावरच पडलेलं. स्कॉटीकडे आणखी एक नव्वी, त्यामुळे त्याचं मोठं. त्याने सगळं पुढे लावलं, उभा राहिला आणि हसत म्हणाला, कॉल केलास तर खेळ संपला बघ. शब्द खरा होता. मॅकब्राइडला तो टाकायला भाग पाडतोय असं वाटलं की टेबलावरचेच पत्ते दोघांचे आहेत असं वाटलं, कोण जाणे, पण त्याने कॉल केला. तिसरं कोणी हातात नव्हतं, त्या एका वाक्याने नुकसान झालं असेल तर फक्त मॅकब्राइडचं, आणि तो स्वतः ऐकून ठरवायला तिथे बसला होता.

तुमच्या पुढच्या खेपेसाठी एवढंच करा. टेबलावर बसण्याआधी फ्लोअरला विचारून घ्या की दोघंच हातात उरलो तर पत्त्यांबद्दल बोललेलं चालतं का. काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी तिथेही मनाई आहे, आणि स्पर्धेत कॅश टेबलपेक्षा कडक असतं. आणि मित्राबरोबर जाणार असाल तर दोन वेगळी टेबलं मागा. बहुतेक वेळा देतात.